कप्तान बिलोलीकरांचा उजवा कान

मी एकदा माईकवर बसले होते. म्हणजे अक्षरशः, सगळ्या वजनासकट. लातूरच्या धावपट्टीच्या कडेला तंबू, तंबूत लोखंडी खाट, खाटेवर रेडिओचा हातात धरून बोलायचा माईक आणि त्या माईकचं बटण माझ्या मांडीखाली. तेव्हा मी अगदी काडीसारखी होते, असं मी नातीला सांगते. नात म्हणते, "मग आजी, बटण दाबलं कसं गेलं?" हल्लीच्या पोरांना नको तिथं तर्क लढवायची खोड आहे.

असला रेडिओ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. टेलिफोनवर दोघं एकदम भांडू शकतात, इथं तशी सोय नाही. एका वेळी एकानंच बोलायचं. बटण दाबलं की तुमचा आवाज आसपासच्या सगळ्या विमानांत जातो आणि तुम्ही ते सोडेपर्यंत बाकीच्यांनी कितीही हाका मारल्या तरी नुसती शिट्टी वाजते. बटण दाबणाऱ्याला तर तीही ऐकू येत नाही. तो आपला बोलत राहतो.

किल्लारीकडचा भूकंप होऊन आठवडा उलटला नव्हता. डॉक्टर, सलाईन, ब्लँकेटं, पुढारी, सगळं हवेतून येत होतं. आणि मी बटणावर बसून निर्मलाला, म्हणजे औशाहून कामाच्या लोकांसाठी भाकरी घेऊन आलेल्या माझ्या मावसबहिणीला, आमच्या कप्तानांच्या गोष्टी सांगत होते. ते मिशा कशानं काळ्या करतात, ते सांगितलं. बायकोला किती भितात, ते सांगितलं. मग आवाज खाली आणला. (आवाज खाली आणला, याचा मला पुढं कितीतरी दिवस आधार वाटायचा.) म्हटलं, "तुला म्हणून सांगते निर्मले, उजवा कान गेलाय त्यांचा. ठार. हे बाहेर कळलं ना, तर उद्यापासून विमानाला हात लावू देणार नाहीत."

बाहेर कळलं. लातूरवर त्या वेळी जे जे काही उडत होतं, त्या सगळ्याला कळलं.

कप्तान स्वतः धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जीप घेऊन म्हशी हाकलत होते. जीपमध्ये दुसरा रेडिओ होता. त्यांनी डाव्या कानानं सगळं ऐकलं आणि मला गप्प करायचा त्यांच्यापाशी एकच उपाय उरला. ती जीप अशी आली की धुळीत तंबू दिसेना. आत शिरून ते ओरडले, "उठा बाई! उठा!"

त्या दिवसांत कुणी "उठा" म्हटलं की माणूस काय समजणार? मी आणि निर्मला "आला, आला!" करत बाहेर पळालो. आमच्या मागं स्वयंपाकाचा तंबू पळाला. त्यांच्या मागं ब्लँकेटं मोजणारे कारकून पळाले. एका पुढाऱ्याचं स्वागत करायला आलेली मंडळी हार टाकून पळाली. जमीन मात्र शांत होती.

मी परत आले तेव्हा कप्तान माईक रुमालानं पुसत होते. बटण दाबून वरच्या सगळ्या विमानांना "लातूर ट्रॅफिक, लाइन मोकळी, सॉरी" एवढंच बोलले. मग माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता कानाचं निघणार.

"बाई, तुम्ही बसल्या तेवढ्या वेळात एक हेलिकॉप्टर वर घिरट्या घालून राहिलं होतं. कुठं उतरू, एवढंच इचारायचं होतं त्याला. आत पेशंट होता." मग माईक जागेवर ठेवून म्हणाले, "आजपासून माईकला हात लावायचा न्हाई. फकस्त ऐकायचं."

कानाचं एक अक्षर नाही. मिशांचंसुद्धा नाही.

तर हे कप्तान व्यंकटराव बिलोलीकर. उंचीनं बेताचे, पोट जरा पुढं, शर्टाला कडक इस्त्री आणि बूट असे चकचकीत की त्यांत बघून भांग पाडून घ्यावा. तरुणपणी ते औषध फवारणीचं विमान चालवायचे, कापसाच्या वावरावरून इतक्या खालून की बायका डोक्यावरचं ओझं धरून खाली बसत. त्या इंजिनाशेजारी त्यांची निम्मी जवानी गेली आणि जवानीबरोबर कानही. पुढं नांदेडच्या धावपट्टीवर पोरांना विमान शिकवणारा एक छोटा क्लब निघाला, तिथं ते मास्तर झाले. क्लब म्हणजे पत्र्याची शेड, एक पिवळं दोन माणसांचं विमान आणि त्याच्या पंखाखाली झोपणारं कुत्रं.

मी तेव्हा नांदेडला घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी बोलण्याचा क्लास चालवत होते. मागच्या खोलीत आमच्या ह्यांचा फिजिक्सचा क्लास. घर असं गजबजलेलं की स्वयंपाकाला मला बॅच संपायची वाट बघावी लागे. कोचिंगचे दिवस नुकते सुरू झाले होते. लातूरला बोर्डात पोरं येऊ लागली, तशा नांदेडच्या गल्ल्यांतही पाट्या उगवल्या. माझीही पाटी होती. मी औशाची, पण कॉलेजला औरंगाबादेत राहून आले आणि येताना स्वतःला जवळजवळ लंडनची समजून आले. तोंडातून चुकून "हाय" किंवा "न्हाई" निघू नये म्हणून मी ओठ असे आवळून बोलायची की शेजारीण एकदा लवंगेचं तेल घेऊन आली. तिला वाटलं, दाढ दुखतीय.

कप्तान क्लासमध्ये आले आणि बसण्याआधी त्यांनी खुर्ची फिरवली, डावी बाजू माझ्याकडं होईल अशी. मला वाटलं, बाईमाणसाकडं सरळ बघायचं नाही म्हणून. सभ्य गृहस्थ.

"माझे पोरं रेडिओच्या परीक्षेला बसून राहिले," ते म्हणाले. "इमान चालवायला भेत न्हाईत, इंग्रजी बोलायला भेतात. भीती काढून द्या."

"भीतीचं काय घेऊन बसलात?" मी म्हणाले. "अस्खलित करून देते."

"नका, नका. तेवढं नका. थोडंच पाहिजे."

थोडं शिकवणं माझ्या रक्तात नव्हतं. क्लबाची पाच-सहा पोरं सायकलवरून यायची. त्यांत मुखेडचा उद्धव सगळ्यांत गुणी. घरची कोरडवाहू शेती, चुलत्यानं हट्टानं पाठवलेला. मी सांगितलं की तो वहीत उतरवायचा, उतरवलं की पाठ करायचा. मी त्याला शिकवलं की कोणाशीही बोलताना आधी अभिवादन करावं, तब्येत विचारावी, मग नम्रपणे विनंती मांडावी आणि शेवटी आभार. सुसंस्कृत माणसाचं लक्षण.

उद्धव पहिल्यांदा एकटा उडाला त्या दिवशी मी मुद्दाम कलाबतूची साडी नेसून शेडमध्ये हजर होते. विमान उतरायला वळलं आणि रेडिओतून माझ्या शिष्याचा आवाज आला. त्यानं नांदेडच्या समस्त आकाशाला सुप्रभात म्हटलं. सगळे कुशल असतील अशी आशा व्यक्त केली. आपल्याला तसदी देत असल्याबद्दल क्षमा मागितली. तो विनंतीपर्यंत पोचला तेव्हा चाकं जमिनीला लागली होती आणि आभार मानले तेव्हा तो शेडसमोर उभा होता. मी टाळ्या वाजवल्या.

कप्तान माझ्या टाळ्या संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बाई, तुमचं वाक्य संपायच्या आधी पोरगं उतरलं. वर दुसरं कुणी असतं, तर त्यानं बोलायचं कधी? तुमच्या आभारानंतर?"

मग त्यांनी मलाच शिकवायला घेतलं. लहान विमानतळावर मनोरा नसतो, रस्त्यासारखा हात दाखवायला पोलीस नसतो. प्रत्येक वैमानिकानं आपलं आपण सांगायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. कुणाला बोलून राहिलो, मी कोण, कुठं हाय, काय करणार. चार गोष्टी. बस. आणि बटण दाबायच्या आधी ऐकायचं. ऐकल्यावर ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे बोलणाऱ्याला कळतं की पोचलं.

हे ते नुसतं शिकवत नव्हते, तसे जगतही होते. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा ताटावर बसल्यावर कप्तान स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "वत्सला, मी व्यंकटराव. खिडकीपाशी. एक भाकरी घेणार."

आतून वत्सलावैनींचा शांत आवाज आला, "खिडकीपाशी एक भाकरी. भाकरी संपली. भात हाय."

"भात. कळलं."

मी घास हातात धरून दोघांकडं बघत होते. नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललंय, अशी माझी खात्री झाली. नंतर कळलं, त्या घरात भांडणच होत नाही. दोघांनी एकदम बोलायचं नाही म्हटल्यावर भांडायचं कसं?

ते भाजीवाल्याकडून भाव परत म्हणून घेत. रिक्षावाल्याला पत्ता तर सांगतच, शिवाय "काय सांगितलं मी?" असंही विचारत. मी आपली भारावून गेले होते. केवढी शिस्त! आमच्या ह्यांना म्हणायची, "बघा, नाहीतर तुम्ही. कांदे सांगितले तर काकडी आणता."

आमच्या ह्यांच्या क्लासची चार पोरं बोर्डात चमकली तेव्हा सत्काराला प्रमुख पाहुणे म्हणून कप्तानांना बोलावलं. पालक, पेढे, शामियाना. आधीच्या वक्त्यांनी पोरांना घाम फोडला होता. कप्तान माईकपाशी गेले आणि गप्प उभे राहिले, सवयीनं, आधी ऐकायला. लोकांना वाटलं माईक बंद पडला. मंडपवाला धावला, त्यानं माईकवर टिचक्या मारल्या. कप्तानांनी त्याला पूर्ण टिचक्या मारू दिल्या. मग म्हणाले, "पोरांनो, मी बिलोलीकर. स्टेजवर हाय. पेढा घेऊन खाली उतरून राहिलो." आणि उतरले. तेवढ्या टाळ्या त्या मांडवात बोर्डात आलेल्या पोरांनाही पडल्या नाहीत. आमचे हे मात्र महिनाभर म्हणत होते, पाहुणा बोललाच नाही म्हणून.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. आमच्याकडं भांडी पडली तेवढंच. दुपारपर्यंत बातम्या येत गेल्या, आणि माझं माहेर औसा, तिथून किल्लारी ती किती दूर! मी मिळेल त्या एस.टी.नं गेले. आमच्या घराची भिंत फाटली होती, आईवडील अंगणात बसून होते, धड होते. वडील मला बघून एवढंच म्हणाले, "आपलं काही न्हाई झालं, बाळ. आपलं काही म्हणजे काही न्हाई झालं." आणि ते रडायला लागले. त्यांचे मित्र किल्लारीकडच्या गावांत होते. त्याबद्दल मला आजही लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

लातूरला धावपट्टी नवी होती, पण तिथं कुणाशी बोलायची सोय नव्हती. आणि आता दिवसभर विमानं, हेलिकॉप्टरं, खाली ट्रक आणि माणसं. पट्टीच्या एका अंगाला सामान उतरायचं, दुसऱ्या अंगाला ते साठवायची शेड, म्हणजे ट्रक धावपट्टी ओलांडूनच जाणार. नांदेडच्या क्लबाला निरोप आला, रेडिओ घेऊन या. कप्तान निघाले. वत्सलावैनी माझ्या घरी आल्या, मला आत नेलं आणि पदराला गाठ मारत म्हणाल्या, "तुम्ही संगं जा. त्याईच्या उजव्या अंगाला बसत जा."

"उजव्याच का?"

"तिकडनं काई ऐकू येत न्हाई त्याईला. लई दिवस झाले."

मला एकेक आठवत गेलं. खुर्ची फिरवणं, भाजीवाल्याचा भाव, "काय सांगितलं मी?". मी ज्याला शिस्त समजत होते तिच्या आत हे होतं.

"मग वैद्यकीय तपासणीत कसं सुटतात?"

"डॉक्टरला बोलूच देत न्हाईत," वैनी म्हणाल्या. "आत शिरले की हेच सुरू होतात. शेती, पाऊस, डॉक्टरचे पोरं कोणत्या क्लासला हायत. तो सही करून मोकळा होतो." जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवणारा माणूस वर्षातून एकदा पोपटासारखा बोलायचा. वैनी हसल्या नाहीत. "खरं कळलं तर बसवतील घरी. जमिनीवर बसवून ठेवलं, तर हे माणूस करंल काय, सांगा तुम्ही. कुणाला बोलू नका."

"मी?" मी म्हणाले. "माझ्या तोंडून? शक्य नाही."

शक्य झालं ते तुम्ही वर वाचलंच आहे.

बोलून बसल्यावर मी ते निस्तरायला निघाले, आणि निस्तरण्याच्या कामात माझा हात बिघडवण्यापेक्षाही जड आहे. जो वैमानिक उतरेल त्याला चहा द्यायच्या निमित्तानं गाठायची आणि न विचारता सांगायची की तो कानाचा विषय होता ना, ती आमची घरगुती थट्टा. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही मी ते ऐकवलं. पिकल्या दाढीचा एक वैमानिक सगळं ऐकून घेऊन गंभीरपणे म्हणाला, "अच्छा, मज़ाक था. और मूंछों वाली बात?"

"वह भी मज़ाक," मी म्हणाले.

"वह तो दिख रहा है, मॅडम," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्या माणसांनी वरिष्ठांना काही कळवलं नाही. ती सगळी हातातल्या कामानं थकलेली होती, आणि कप्तानांनी सांगितलेला वारा बरोबर असायचा, सांगितलेली म्हैस तिथंच असायची.

कप्तान माझ्याशी आधीसारखेच होते. मी त्यांच्या उजव्या हाताला स्टुलावर बसायची. स्पीकरमधून येईल ते ऐकायचं आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढं धरायचं, असं आम्ही कधीच न ठरवता सुरू झालं. डावा कान हेडफोनमध्ये, डोळा माझ्या कागदावर. मी सही घ्यायला थांबलेली कारकून दिसावी, असा चेहरा करून ते कागद वाचत. मग बटण दाबून वारा सांगत, पट्टी मोकळी आहे की नाही ते सांगत. बाहेर जाऊन ट्रकांना हिरवं फडकं दाखवत किंवा लाल.

त्या दिवशी सकाळपासून जनरेटर अगदी तंबूशेजारी आणून ठेवला होता. त्याचा धडधडाट असा की मलाच धड ऐकू येईना. कुणीतरी मला हाक मारली, दूध आलंय, बघून घ्या. मी उठले. जाते म्हणून सांगितलं, पण उजव्या बाजूनं सांगितलं. कप्तानांच्या लेखी मी तिथंच होते आणि कागद रिकामा होता.

मी दुधाची कॅन बघून मागच्या बाजूनं तंबूत परत शिरत होते तेव्हा स्पीकरमधून आवाज आला. पश्चिमेकडून येतोय, उतरायला सरळ आलोय, लातूरची पट्टी मोकळी आहे का? उत्तर गेलं नाही. पुन्हा तोच आवाज, तेच शब्द. कप्तान हेडफोन गळ्यात घालून तंबूच्या तोंडाशी उभे होते, पाठ माझ्याकडं. समोर ब्लँकेटांचा ट्रक, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कप्तानांनी पूर्ण न वळता कडेच्या रिकाम्या कागदाकडं तेवढी एक ओझरती नजर टाकली आणि हिरवं फडकं वर केलं.

ट्रक पट्टीवर चढला.

"कप्तान!" मी ओरडले. उजव्या बाजूनं. मी दुसऱ्या कुठल्या बाजूला असणार? विमान आता नुसत्या डोळ्यांना दिसत होतं, सूर्याच्या तिरिपेत, खाली खाली येताना.

मी माईक उचलला. कुणाला, कोण, कुठं, काय, सगळं डोक्यात होतं. अस्खलित इंग्रजी तर पोतंभर होतं. तोंडातून मात्र माझ्या आजीचा आवाज बाहेर पडला, सगळ्या औशासकट:

"ए बाबा, उतरू नको! पट्टीवर ट्रक हाय, ट्रक! वर जाय!"

आणि बटण सोडलं. ते सोडलं, एवढं त्या माणसानं मला शिकवलं होतं.

त्या वैमानिकाला मराठी येत होतं की नाही देव जाणे. "ट्रक" तेवढं कळलं असावं किंवा बाईचं किंचाळणं सगळ्या भाषांत सारखंच असावं. इंजिनाचा आवाज एकदम वाढला, विमान ट्रकच्या वरून चढत निघून गेलं. ट्रकचा ड्रायव्हर खाली उडी मारून तुडवलेल्या गवतात पालथा पडला. कप्तानांनी विमानाचं पोट डोक्यावरून जाताना बघितलं. हिरवं फडकं अजून वरच होतं.

विमान वळसा घालून आलं, नीट उतरलं. डॉक्टर मंडळी खाली उतरून, चौकशी करत, सामान काढून कामाला गेली. कप्तान आत येऊन माझ्या स्टुलावर बसले. बोलायला बसताना डावी बाजू माझ्याकडं करायला ते पहिल्यांदाच विसरले होते. मग ते स्वतःच वळले.

"काय म्हणला होता तो?"

मी सांगितलं.

"परत म्हणा."

मी परत म्हटलं.

"एकदाच म्हणला?"

खोटं बोलायला मला एवढी सुरेख संधी आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. एकदाच म्हणाला, असं सांगितलं असतं, जनरेटरवर ढकललं असतं, मी दुधाला उठले होते हे तर खरंच होतं. वैनींचा चेहरा समोर होता. जमिनीवर बसवून ठेवलं तर हे माणूस करंल काय?

"दोनदा," मी म्हणाले. "स्वच्छ."

त्यांनी मान हलवली. माईक हातात घेतला. आधी ऐकलं, खूप वेळ, डोळे मिटून. मग बटण दाबलं. इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगते.

"लातूर ट्रॅफिक, मी बिलोलीकर. लातूरच्या तंबूत. उजवा कान पूर्ण बंद, डाव्याचा भरवसा नाही. रेडिओ सोडतो आहे. इथून पुढं आवाज बाईंचा."

बटण सोडलं. थोडी खरखर. मग वरून एकेक आवाज आला. पहिला म्हणाला, "बिलोलीकर रेडिओ सोडताहेत, पुढं आवाज बाईंचा." दुसऱ्यानं तेच म्हटलं. हेलिकॉप्टरवाल्यानंही तेच म्हटलं, आणि त्याला जोडून दुसरं काही म्हटलं नाही. कप्तानांना ते ऐकू आलं का, मला माहीत नाही. मी प्रत्येक आवाज कागदावर लिहून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी वाचला.

उरलेले दिवस मी बोलले. इतकं कमी बोलले की निर्मलाला वाटलं मला ताप आलाय.

नांदेडला परतल्यावर कप्तान स्वतः तपासणीला गेले. या वेळी डॉक्टरला बोलू दिलं. लायसन्स गेलं. वैनींनी मला बोल लावला नाही, पण त्यानंतर वर्षभर त्या मला भेटल्या की भाजीचेच भाव बोलायच्या, आणि मीही तेवढ्यालाच लायक होते.

जमिनीवर हे माणूस काय करणार, त्याचं उत्तर पुढं लातूरनं दिलं. तोवर लातूरला क्लास नव्हता असा जिना उरला नव्हता. अशाच एका जिन्यावर, खाली केमिस्ट्री, वर बायॉलॉजी आणि मधल्या दोन खोल्यांत कप्तानांचा रेडिओचा क्लास. धर्माबादपासून पोरं यायची. प्रत्येक खोलीत एक जुना फोन, मध्ये भिंत. आधी ऐकायचं. ऐकू येईपर्यंत बसायचं. शेजारी शेकडो पोरं एका सुरात सूत्रं म्हणत असताना या खोल्यांत स्मशानशांतता. एक पालक तणतणत वर आले, "फी भरून राहिलो आम्ही, अन् पोरगं तासभर नुसतं गप बसून येतंय!" कप्तानांनी त्यांचे ओठ बघून घेतले आणि म्हणाले, "पैल्या महिन्यात गप बसलं? हुशार हाय तुमचं पोरगं." मी त्या क्लासला आठवड्यातून एकदा इंग्रजी शिकवायला जायची. थोडंच.

त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरच्या बसस्टँडवर. वैनी जाऊन वर्ष झालं होतं. ते एकटेच बाकावर, बूट तसेच चकचकीत, मिशा आता पांढऱ्या, मुलीनं आणून दिलेलं कानाचं यंत्र शर्टाच्या खिशात. "ते का घालत नाही?" म्हणून मी हातवारे केले. "त्यात समदे एकदमच बोलतात," ते म्हणाले. "कुणी कुणासाठी थांबत न्हाई."

माझी गाडी लागायला वेळ होता. मी शेजारी बसले, आणि बसले ती सुरूच झाले. उद्धवला मुलगी झाली ते सांगितलं. निर्मलाचं नवं घर, आमच्या ह्यांची साखर, सुनेचं माझ्या इंग्रजीला हसणं, वैनींच्या हातच्या भाताची आठवण, सगळं. त्यातलं चार आणेही त्यांच्यापर्यंत पोचत नसणार, हे मध्येच माझ्या लक्षात आलं. लोक बघत होते. मी ओशाळून गप्प झाले.

कप्तान समोर औशाच्या गाडीकडं बघत होते. ते माझ्याकडं वळले, माझ्या बंद तोंडाकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "का थांबल्या, बाई? मला काईच ऐकू येत न्हाई, पण तुम्ही बोलून राहिल्या की शेजारी कुणी हाय असं वाटतं. चालू द्या."